ग्रह फुटेस्तोवर चार शिट्ट्या

"पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार," असं टीव्हीवरच्या खलनायकाने जाहीर केलं तेव्हा मी मटार सोलत होते. भाचेबुवा जळगावहून इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आमच्याकडे राहायला आल्यापासून दिवाणखान्यात आठवड्याला एखादा तरी ग्रह फुटतोच, त्यामुळे मी दचकले वगैरे नाही. पण ग्रह फुटला की पोराला भूक लागते, हा अनुभव आहे. पाच मिनिटं म्हणजे फार वेळ नाही. मी उठले आणि कुकर लावला.

पहिली शिट्टी झाली तेव्हा नायक, म्हणजे गोकू, दातओठ खात उभा होता. दुसऱ्या शिट्टीला फ्रीझा नावाचा तो खलनायक हसला. तिसऱ्या शिट्टीला वारा सुटला. चौथीला डोंगरावरून एक खडा सुटला आणि गडगडत खाली आला. तो खाली पोचेपर्यंत मी गॅस बंद केला, वरणाला फोडणी दिली, मटार-बटाट्याची भाजी टाकली, कणीक भिजवली. बाहेर येऊन बघते तर भाग संपून पुढचा सुरू झालेला, आणि दोघं अजून एकमेकांकडे बघतायत.

"किती मिनिटं राहिली रे?"

"तीन, मावशी."

आठ पोळ्या लाटून झाल्या. कोशिंबीर झाली. आमचे हे आंघोळ करून आले, पेपर वाचून झाला. नामेक नावाचा तो ग्रह जागच्या जागी होता. 'ड्रॅगन बॉल झी'मधली ती पाच मिनिटं पुढचे नऊ-दहा भाग चालतात, हे मला नंतर कळलं. आधी सांगितलं असतं तर पुरणाचा घाट घातला असता.

भाचेबुवांनी मला समजावलं की लढणारे बोलत असताना वेळ थांबतो. हे मला पटलं, कारण माझ्या सासूबाई दारात चपला घालून निघता निघता बोलायच्या तेव्हाही हेच व्हायचं. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते ऐकून मला त्या मंडळींविषयी एकदम माया वाटायला लागली. मूळची गोष्ट अकिरा तोरियामा या चित्रकाराची. 1984 ते 1995 अशी अकरा वर्षं ती एका जपानी साप्ताहिकात दर आठवड्याला पंधरा-एक पानं छापून यायची. टीव्हीवाले तिच्या मागोमाग दर आठवड्याला एक भाग काढायचे. पंधरा पानांत वीस मिनिटांचा मजकूर कुठला निघायला? गोष्ट पुढे पळेना आणि पाहुणे तर पंगतीला बसलेले. अशा वेळी कुठल्याही घरात जे करतात तेच त्यांनी केलं. आमटीत पाणी घातलं. खडा गडगडणं, वारा सुटणं, डोळ्यांत डोळे घालून बघणं हे सगळं ते पाणी. पुढे 2009 मध्ये त्याच टीव्हीवाल्यांनी ती आमटी आटवून 'ड्रॅगन बॉल काई' या नावाने पुन्हा वाढली, तर जवळजवळ निम्म्या भागांत काम झालं.

आता मी हे इतकं निरखून का बघते? तर मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना किती मुलं बसवली, मोजली नाहीत. स्मरणचित्र हा त्यातला सगळ्यात करमणुकीचा पेपर. 'भाजी मंडईतील दृश्य' असा विषय दिला की मुलांच्या मंडईतली सगळी माणसं हात पाठीमागे बांधून भाजी घेतात, कारण हाताचा पंजा काढता येत नाही. पावलं काढता येत नाहीत म्हणून भर मंडईत गुडघाभर गवत उगवतं. ज्याला चेहरा जमत नाही तो पावसाळा आणतो आणि सगळ्यांना छत्र्या देतो. केस रंगवायचा कंटाळा आला की टोपी. मी गुण कापायचे, पण मनातून म्हणायचे, डोकं चालतंय पोराचं.

त्यामुळे भाचेबुवा ज्याला 'पॉवर' म्हणतात, तिथे मला चित्रकाराचा वाचवलेला हात दिसतो. उदाहरणार्थ, गोकू चिडून चिडून सुपर सायान होतो तेव्हा त्याचे काळे केस सोनेरी होतात आणि उभे राहतात. अख्ख्या पिढीच्या अंगावर काटा आणणारा तो क्षण. तोरियामा यांनी त्याचं कारण सरळ सांगून टाकलेलं आहे. छापील चित्रकथा काळी-पांढरी, आणि गोकूचे ते काळे केस शाईने भरत बसण्यात सहायकाचा वेळ फार जायचा. केस पिवळे ठरवले की कागद कोराच ठेवायचा. शाई वाचली. म्हणजे विश्वातल्या सगळ्यात बलाढ्य योद्ध्याचं ते रूप माझ्या वर्गातल्या टोपीचंच भावंड. त्याच्या हातातून सुटणाऱ्या निळ्या लोळाचं नाव 'कामेहामेहा', तेही तोरियामांच्या पत्नीने सुचवलेलं, हवाई बेटांच्या राजाच्या नावावरून. नवऱ्याचं अडलं की घरातून नाव सुचवायचं, हे काम जपानमध्येही बायकांकडेच दिसतं.

हा काटकसरीचा संसार तोरियामांच्या आधीपासूनचा. सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. दर सेकंदाला चोवीस चित्रं काढायची तर माणूस म्हातारा होईल, म्हणून एकेक चित्र दोनदा दाखवतात. 1963 साली ओसामु तेझुका यांनी जपानी टीव्हीवर दर आठवड्याला अर्ध्या तासाची चित्रमालिका सुरू केली तेव्हा एकेक चित्र तीनदा दाखवायचं ठरलं. सेकंदाला आठ. बोलताना फक्त ओठ हलवायचे, बाकी माणूस स्थिर. पळणारा माणूस एकदा काढून ठेवायचा आणि गरज पडेल तेव्हा पळवायचा. अशा जपून ठेवलेल्या चित्रफितीला ते लोक चक्क 'बँक' म्हणतात. एकदा ठेव ठेवायची आणि दर आठवड्याला व्याज खायचं.

या बँकेची सगळ्यात श्रीमंत खातेदार म्हणजे 1992 ची 'सेलर मून'. शाळकरी मुलगी, संकट आलं की गिरक्या घेते, फिती सुटतात, बूट चढतात, कपाळावर मुकुट येतो, नखंसुद्धा रंगतात. अर्धं-पाऊण मिनिट हा थाट चालतो आणि राक्षस मुकाट्याने थांबतो. दर भागात तेच, तस्संच. हे मला मुळीच खोटं वाटत नाही. लग्नाला निघताना आमच्याकडेही नवरेमंडळी गाडीची किल्ली हातात घेऊन अशीच उभी राहतात, आणि राक्षसाइतक्या सभ्यपणे तर नाहीच.

माझा मुलगा लहान असताना 'ही-मॅन' बघायचा. ती अमेरिकेची मालिका, 1983 ची, पण बँकेचा हिशोब तोच. राजपुत्र ॲडम तलवार उंचावतो, वीज कडाडते, आणि तो विश्वातला सर्वांत बलवान पुरुष होतो. म्हणजे काय होतं? अंगरखा जातो आणि रंग थोडा रापतो. चेहरा तोच, पिवळ्या केसांचा कापलेला झुबका तोच, उंची तीच. आणि सख्ख्या बापाला पत्ता नाही! आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकू जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून सांगतात कोण आलं, कुठून आलं, आणि हातात कसल्या पिशव्या आहेत. तो कवटीतोंड्या स्केलेटॉर इतकी वर्षं कारस्थानं करत बसला. काकूंना एक फोन केला असता तर पहिल्या भागात काम झालं असतं.

लढताना नाव पुकारण्याची पद्धत मला आधी भयंकर वाटायची. आपण काय फेकणार हे शत्रूला आधी ओरडून सांगायचं, तेही एकेक अक्षर लांबवून, हे कुठल्या युद्धशास्त्रात बसतं? गल्लीतला बोलरही 'आता गुगली टाकतो हं' असं सांगत नाही. 'नारुतो'मध्ये तर त्याआधी बोटांच्या गाठी मारायच्या असतात. उंदीर, बैल, वाघ, ससा अशा बारा राशींच्या बारा खुणा, चिनी पंचांगातल्या. मग अंगातलं चक्र फिरतं. "मावशी, चक्र म्हणजे ना, शरीरात एक ऊर्जा असते," असं भाचेबुवा मला सांगायला लागले. मी पंधरा वर्षं पहाटे साडेपाचला योगवर्गाला जाते. मूलाधारापासून सहस्रारापर्यंत सगळी स्टेशनं मला पाठ आहेत. तरी ऐकून घेतलं, कारण आपला माल जपानला जाऊन परत आला की मुलं तो जास्त मन लावून ऐकतात.

पण 'जुजुत्सु कायसेन' बघितलं आणि माझं मत फिरलं. त्यातही लढणारे मध्येच थांबून आपली शक्ती कशी चालते, तिच्यात खोट कुठे आहे, हे शत्रूला फोड करून सांगतात. मी म्हटलं, झालं, आलं परत कीर्तन. तर भाचेबुवा म्हणाले, "नाही मावशी, नियमच आहे. आपलं गुपित सांगून टाकलं की शक्ती वाढते." मी हातातली सुई खाली ठेवली. काय डोकं आहे! प्रेक्षकाला समजावून सांगणं लेखकाला भाग असतं, आणि ते मूर्खासारखं दिसतं हेही त्याला माहीत असतं. मग त्याने ते मूर्खपण उचलून कायदाच करून टाकला. ज्याने हे सुचवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. आमच्या शाळेत एक सर फळ्यावर गणित चुकलं की "तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो" म्हणायचे, त्यांची आठवण झाली. त्याच मालिकेत डोळ्यांवर पट्टी बांधणारा गोजो नावाचा गुरुजी आहे. तो मधलं बोट तर्जनीवर चढवून जी मुद्रा करतो ती जपानी बौद्ध परंपरेतल्या तायशाकुतेनची, म्हणजे आपल्या इंद्राची. हे भाचेबुवांनीच शोधून सांगितलं. आता ते सकाळी इंद्राची मुद्रा करून गीझरचं बटण दाबतात.

आमच्या ह्यांना हे सगळं पोरखेळ वाटतं. "आपल्याकडे असं काही नव्हतं," असं पेपरामागून म्हणाले. मी त्यांना 1987 सालच्या रविवार सकाळची आठवण करून दिली. अख्खी आळी आमच्या टीव्हीसमोर, आणि 'रामायणा'त डावीकडून एक बाण निघालाय, उजवीकडून एक. दोन्ही रमतगमत, जणू वाटेत नातेवाइकांकडे चहा घेऊन येताहेत. मध्ये एकदा रामाचा चेहरा, एकदा रावणाचा, मग पुन्हा बाण. शेवटी आकाशात गाठ पडायची, ठिणगी उडायची आणि त्यातला एक विझायचा. हे स्वतः तेव्हा हात जोडून बसले होते. गोकूचा निळा लोळ आणि फ्रीझाचा लोळ मधोमध भिडतात, त्यात वेगळं काय आहे? आणि लढाई थांबवून बोलण्याचं म्हणाल, तर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी करून मध्ये अठरा अध्याय सांगितले गेले, ते कोणाच्या देशात? ह्यांनी पान उलटलं.

मरणारा बोलत बसतो, याचीही मला आता सवय झाली आहे. 'डीमन स्लेयर'मध्ये राक्षसाचं मुंडकं उडतं, घरंगळत जातं, आणि मग त्याला आपलं बालपण आठवतं. आई, गाव, पडता बर्फ, सगळं. हा लांबलचक पूर्वेतिहास संपेपर्यंत तो काही राख होत नाही. आपल्या संगीत नाटकात मरणाऱ्याला वन्स मोअर मिळाला की तो उठून पुन्हा पद म्हणायचा, मग हा बिचारा दोन शब्द बोलला तर काय बिघडलं? शिवाय या मालिकेला मी शंभरपैकी शंभर देते ते वेगळ्या कारणासाठी. नायक तलवार फिरवतो तेव्हा तिच्याभोवती निळ्या पाण्याची लाट उसळते. लाटेला जाड काळी कडा, वर पांढऱ्या फेसाचे आकडे, अगदी होकुसाईच्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखे. आणि गंमत म्हणजे गोष्टीत ते पाणी नसतंच. कोणी भिजत नाही. तलवारीच्या हालचालीला जे वाटतं ते रंगवलेलं असतं. मी वर्गात "ओघ दाखवा, ओघ" म्हणून घसा कोरडा करायचे, तो ओघ हा. तेव्हा ही मालिका असती तर माझा घसा वाचला असता.

आकड्यांचा मात्र मला राग आहे. शत्रूची ताकद मोजायचं यंत्र डोळ्याला लावायचं आणि आकडा वाचून घाबरायचं. गोकूची ताकद नऊ हजारांच्या वर गेली, या ओळीवर जगभर विनोद झाले. मूळ जपानीत तो आकडा आठ हजार होता, इंग्रजीत नेताना हजार वाढले. पेपर तपासणाऱ्याने दया दाखवली असणार. तो फ्रीझा तर आपण सध्या किती टक्के ताकदीने लढतोय हे सांगत असतो, आणि शेवटी शंभर टक्क्यांवर जातो. हल्ली दहावीच्या निकालात कलेचे वाढीव गुण धरून मुलं शंभर टक्क्यांना पोचतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. फ्रीझाने इंटरमीजिएट दिलेली असावी.

या आकड्यांपेक्षा 'छोटा भीम' बरा. टुनटुन मावशीचा लाडू खाल्ला की ताकद येते, नाही खाल्ला की नाही. कशातून काय होतं हे स्वच्छ. मावशीच्या हातचं खाऊन पोरं लढतात, हे माझ्या घरात रोज सिद्ध होतं. टुनटुनबाईंना श्रेय फारसं मिळत नाही, तेही तसंच.

एका संध्याकाळी भाचेबुवा म्हणाले, "मावशी, मी अवतार बघतोय." मी म्हटलं, "आरशात बघ, तोही बघण्यासारखा झालाय." केस महिन्याचे, बनियन उलटा. पण त्यांना म्हणायचं होतं ती 'अवतार: द लास्ट एअरबेंडर', 2005 ते 2008 मधली, एकसष्ट भागांची अमेरिकन मालिका. मी मुकाट्याने शेजारी बसले आणि दोन आठवड्यांत सगळे एकसष्ट भाग संपवले. भाजी तीनदा करपली.

कारण इथे कोणी नाव ओरडत नाही. पाणी, माती, आग, हवा वळवणारी माणसं आहेत आणि प्रत्येकाची लढायची रीत खऱ्या चिनी युद्धकलांवरून घेतलेली. पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, आगीला उत्तर शाओलिन, हवेला बा ग्वा. त्यासाठी त्यांनी एक जाणता वस्ताद सल्लागार ठेवला होता, आणि चित्रं दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत काढून घेतली. ती कतारा नावाची मुलगी पाणी ओढून घेते, मनगटातून वळवते आणि झटकते, तेव्हा मला माझी आई विहिरीवर लुगडं पिळून झटकताना दिसली. तोच कमरेचा हिसडा. आणि पावलं! माझ्या मुलांनी तीस वर्षं गवतात लपवलेली पावलं इथे ठसठशीत काढलेली. तोफ नावाची एक आंधळी, ठेंगणी, तोंडाळ पोरगी आहे, ती अनवाणी उभी राहून तळपायांनी जग बघते. पाऊल काढता येत नसेल तर ही पोरगी काढताच येणार नाही. मी भाग थांबवून थांबवून तिची पावलं बघायचे आणि भाचेबुवा कपाळाला हात लावायचे.

मग काय अंगात आलं कोण जाणे. ह्यांच्या जुन्या, अर्ध्या कोऱ्या पावतीपुस्तकाचे बारा कागद फाडले, पेन्सिलीला टोक केलं आणि भाचेबुवांना बाल्कनीत उभं केलं. म्हटलं, एक ठोसा मार. हळू. अजून हळू. एक सेकंदाचा ठोसा, एकेक चित्र दोनदा दाखवायचं, म्हणजे बारा चित्रं. ही काय मोठी गोष्ट, एकतीस वर्षं मास्तरकी केलीय.

पहिलं चित्र छान आलं. दुसऱ्यात खांदा थोडा वर गेला. तिसऱ्यात कोपर वळवताना दंड आखूड झाला, चौथ्यात लांब. पाचव्या कागदाला मूठ माझ्याकडे यायला लागली आणि बोटं पाच की सहा ते कळेना. सहाव्याला अंधारून आलं, दिवा लावला, पाठीला रग लागली. भाचेबुवा हात पुढे धरून उभे, खालून तळमजल्यावरच्या काकू विचारतायत की काय झालंय पोराला. सातव्या कागदावर मूठ अगदी समोर यायची होती, पंजासकट, नखांसकट. मी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

मग तो कागद मी तसाच कोरा ठेवला. आठवाही. नवव्यावर कडेला चार तिरक्या रेघा ओढल्या आणि उरलेल्या तिन्हींत थोडा धूर काढला.

भाचेबुवांनी कागद एका बाजूने धरून अंगठ्याने भर्रकन सोडले. हात उठला, वळला, आणि एकदम पांढरं.

"मावशी!" पोरगं ओरडलं. "काय भारी स्फोट केलायस!"